घराण्यातील नावांच्या रीती आणि वंशावळीचा शोध : ठाणे व नवी मुंबईतील कुटुंबांसाठी सविस्तर मार्गदर्शन

नवी मुंबईतील एखाद्या जुन्या गावठाणातल्या घराची वंशावळ मांडायला बसले, की तिसऱ्या-चौथ्या पिढीपाशी एक अडचण हमखास उभी राहते. ‘नामा गणपत पाटील’ हे नाव १९२० च्या सुमाराच्या फेरफारात, म्हणजे जमिनीच्या हक्कबदलाच्या नोंदीत, दिसते आणि तेच नाव, अक्षराचाही फरक न होता, १९६५ च्या शाळेच्या दाखल्यावर दिसते. नवखा शोधक दोन्ही कागद एकाच माणसाचे समजतो आणि मधली अख्खी पिढी गाळून बसतो. प्रत्यक्षात पहिला नामा आजोबा असतो, दुसरा त्याचा नातू असतो आणि दोघांच्या मध्ये ‘गणपत नामा पाटील’ हा मुलगा व बाप असतो. थोरल्या नातवाला आजोबांचे नाव ठेवण्याची रीत आणि मधल्या जागी वडिलांचे नाव लावण्याची रीत एकत्र आल्या की एकाआड एक पिढीत तेच संपूर्ण नाव परत येते. ही रीत आधीच ठाऊक असेल, तर याच गोंधळातून हरवलेल्या पिढ्या सापडू शकतात. नावे गोळा करण्याआधी ती कोणी, कधी आणि कोणत्या रीतीने ठेवली हे समजून घ्यावे, असे मी प्रत्येकाला आग्रहाने सांगतो, आणि पुढील सर्व पायऱ्या त्याच आधारावर मांडल्या आहेत.

प्रत्येक माणसासाठी स्वतंत्र पान

वंशावळीचा तक्ता शेवटी काढायचा असतो. सुरुवात दोनशेपानी वहीने करावी आणि प्रत्येक व्यक्तीला एक पान द्यावे. पानाच्या माथ्यावर एकच नाव लिहून थांबू नये, कारण आपल्याकडे एका माणसाला अनेक नावे असतात आणि प्रत्येक नाव वेगळ्या कागदावर सापडते. पाळण्यातले नाव, जन्मनक्षत्रावरून आलेले राशीनाव, घरातले हाकेचे नाव, शाळेत व दप्तरी लागलेले नाव आणि विवाहित स्त्रीच्या बाबतीत माहेरचे व सासरचे नाव, अशा वेगवेगळ्या ओळी आखून घ्याव्यात. जी ओळ भरता येणार नाही ती कोरी ठेवावी. त्या कोऱ्या ओळीमुळेच पुढे काय शोधायचे हे कळते.

राशीनावाकडे अनेकजण दुर्लक्ष करतात. सत्तावीस नक्षत्रांचे प्रत्येकी चार चरण आणि प्रत्येक चरणाला एक अक्षर, अशी एकशे आठ अक्षरांची योजना पत्रिकेत वापरली जाते. अश्विनीसाठी चू, चे, चो, ला आणि रोहिणीसाठी ओ, वा, वी, वू ही अक्षरे येतात. त्यामुळे पत्रिकेवर ‘चोखोबा’ असे काही नाव दिसले आणि घरात त्या नावाचा कोणीच आठवत नसेल, तर तो वेगळा भाऊ होता असे लगेच ठरवू नये. ते नाव फक्त पत्रिकेपुरते असण्याचीच शक्यता अधिक असते.

हाकेच्या नावांचे महत्त्व मात्र फार मोठे आहे आणि त्यामागे ठोस कारण आहे. सुनेने सासऱ्याचे नाव उच्चारायचे नाही, अशी मर्यादा जुन्या घरांत पाळली जात असे. मुलाला आजोबांचे नाव ठेवले की त्याच्या आईलाच त्या नावाने हाक मारता येत नसे, म्हणून तो मुलगा घरात बाळ, बापू, अप्पा, नाना किंवा आबा होई आणि कित्येकदा जन्मभर तेच नाव टिकून राही. लोकमान्य टिळकांचे ठेवलेले नाव केशव होते आणि ते त्यांच्या पणजोबांचे, केशवरावांचे, नाव होते. इतिहासात मात्र ‘बाळ गंगाधर टिळक’ हेच नाव राहिले. घरातील वडीलधाऱ्यांना म्हणूनच ‘त्यांचे नाव काय होते’ एवढेच विचारून भागत नाही. आई त्यांना काय म्हणत असे, मित्र काय म्हणत, रेशनकार्डावर काय होते आणि पत्रावर पोस्टमन कोणते नाव वाचत असे, हे एकेक करून विचारावे. शक्य असेल तर घरातील सर्वांत वयस्क स्त्रीपासून सुरुवात करावी, कारण कोणत्या घरातून कोणती मुलगी आली आणि तिचे नाव काय बदलले हे बहुधा तिलाच सांगता येते. आगरी-कोळी वस्तीत लग्नाचे धवले गाणाऱ्या वयस्क धवलारणीलाही अवश्य भेटावे. आयुष्यभर गावातली लग्ने तिने मांडवात उभे राहून पाहिलेली असतात.

आजोबांचे नाव : एक रीत, अनेक निष्कर्ष

ही रीत किती जुनी व पक्की आहे हे पेशव्यांच्या घराण्यात स्पष्ट दिसते. बाळाजी विश्वनाथांचा मुलगा बाजीराव, बाजीरावांचा मुलगा पुन्हा बाळाजी, आणि रघुनाथरावांचा मुलगा आपल्या आजोबांच्या नावाने बाजीराव. नाना फडणवीसांचे मूळ नाव बाळाजी जनार्दन भानू होते, आणि त्यांच्या आजोबांचे नावही बाळाजीच होते. या एका माणसाच्या नावात आजोबांचे नाव, हाकेचे ‘नाना’ आणि हुद्द्यावरून आलेले ‘फडणवीस’ हे तीन थर एकावर एक बसलेले आहेत, म्हणून नावांचा अभ्यास शिकवताना मी नेहमी हेच उदाहरण घेतो.

या रीतीतून तीन प्रकारे माहिती काढता येते. पहिला प्रकार अज्ञात आजोबांच्या शोधाचा आहे. एखाद्या माणसाच्या तीन मुलांच्या घरी प्रत्येकी एक ‘धर्मा’ सापडला, तर त्या तिघांच्या वडिलांचे नाव धर्मा असण्याची दाट शक्यता असते, आणि कागद शोधायला एक नाव हाती लागते. दुसरा प्रकार मृत्यूच्या अंदाजाचा आहे. अनेक घरांत आजोबा हयात असताना त्यांचे नाव नातवाला ठेवत नसत, आणि निधनानंतर जन्मलेल्या पहिल्या मुलाला ते दिले जाई. थोरल्या नातवाचे नाव वेगळे आणि दुसऱ्या किंवा तिसऱ्या नातवाचे नाव आजोबांचे असेल, तर त्या दोन जन्मांच्या दरम्यान आजोबा गेले असावेत असा कयास बांधता येतो. काही घरांत हयात आजोबांचेही नाव ठेवले जाते, म्हणून आपल्या घराण्यातील दोन-तीन ठाऊक उदाहरणांवर ही रीत आधी तपासून पाहावी आणि मगच अज्ञात पिढीला लावावी. तिसरा प्रकार मधल्या पिढीच्या शोधाचा आहे, जो सुरुवातीच्या उदाहरणात आलाच आहे.

समान नावांची माणसे वेगळी ठेवण्यासाठी त्यांना क्रमांक द्यावेत. नामा (१), नामा (२) असे लिहून प्रत्येकापुढे पत्नीचे नाव आणि अंदाजे जन्मसाल लिहावे. आजोबा आणि नातू यांच्या जन्मांत साधारणतः पंचेचाळीस ते साठ वर्षांचे अंतर धरता येते. तारीख नसलेला कागद हाती आला तर त्यावरील पत्नीचे, भावाचे किंवा साक्षीदाराचे नाव पाहून तो कोणत्या क्रमांकाच्या पानावर लावायचा हे ठरवावे, आणि ठरत नसेल तर तो वेगळ्या पाकिटात ठेवावा.

घराण्याच्या नावांत कधी कधी दुःखाची नोंदही असते. दगडू, धोंडू, केरू, कचरू, भिकाजी ही नावे बहुतेक वेळा आधीची मुले दगावल्यानंतर नव्या मुलाला दृष्ट लागू नये म्हणून ठेवलेली असतात. अशा मुलाच्या आधी आठ-दहा वर्षे आईवडिलांच्या लग्नाला झालेली असतील, तर मृत्यूच्या नोंदवहीत त्या काळातील बालमृत्यू शोधावेत. ती मुले वंशावळीत कोणी लिहिलेली नसतात, पण तीही त्याच घरची असतात. मुलीच्या ‘नकुशा’ या नावामागचे कारण तर नावातच सांगितलेले आहे. २०११ मध्ये सातारा जिल्ह्यात अशा मुलींना नवी नावे देण्याचा सार्वजनिक कार्यक्रम झाला. घरातील अशा स्त्रीचे पान लिहिताना तिने पुढे कोणते नाव स्वीकारले हे तिला किंवा तिच्या मुलांना विचारावे आणि तेच नाव माथ्यावर ठेवावे.

स्त्रियांची दोन नावे

आपल्या वंशावळींत सर्वांत मोठी पोकळी स्त्रियांची आहे. लग्नात ताटातील तांदळांवर अंगठीने नवे नाव लिहिले की मुलीचे पहिले नाव, मधले नाव आणि आडनाव ही तिन्ही बदलत. एका माणसाचे तिन्ही भाग बदलल्यावर कागदावरून ओळख पटवायला काहीच उरत नाही. १८६५ साली जन्मलेली, कल्याणच्या जोशी घराण्यातील यमुना हे याचे आपल्या जिल्ह्यातलेच उदाहरण आहे. १८७४ साली गोपाळराव जोशी यांच्याशी तिचा विवाह झाला आणि ती आनंदीबाई झाली, पुढे डॉक्टर आनंदीबाई जोशी म्हणून तिची ओळख झाली. येथे माहेर आणि सासर या दोन्ही घरांचे आडनाव जोशीच आहे, त्यामुळे केवळ आडनाव पाहणाऱ्याला ती जोशी घरातून जोशी घरात आली हे कळणारच नाही. रमाबाई रानडे यांचेही माहेरचे नाव यमुनाच होते, यमुना कुर्लेकर.

माझ्या स्वतःच्या घराण्यातील एक अनुभव येथे सांगणे उपयोगी ठरेल. पणजीच्या पेणकडील माहेरघराने दिलेल्या वंशावळीत ‘द्वारका’ नावाची एक मुलगी होती आणि तिच्यापुढे काहीही लिहिलेले नव्हते, म्हणून ती लहानपणीच गेली असे मी कित्येक वर्षे मानत होतो. आमच्या घरात पणजीचे नाव लक्ष्मीबाई एवढेच ठाऊक होते. नौपाड्यातील जुने घर रिकामे करताना माळ्यावरून एक तांब्याचे घंगाळ खाली आले. त्याच्या काठावर ठोक्यांच्या ठिपक्यांनी काढलेली अक्षरे होती, पण चिंच लावून घासून घासून ती जवळजवळ पुसली गेली होती. बहिणीने मूठभर रांगोळी काठावर चोळली, वरची पूड ओल्या फडक्याने अलगद टिपून घेतली, आणि ठिपक्यांत अडकलेली पांढरी अक्षरे वाचता आली : ‘चि. सौ. कां. द्वारका हीस मामाकडून, माघ शके १८४५’. द्वारकेच्या लग्नात आलेले भांडे आमच्या माळ्यावर होते, म्हणजे द्वारका आमच्याच घरी आली होती आणि लक्ष्मीबाई तीच होती. पुढे तिच्या भावाच्या घरच्या जुन्या पत्रांतून ते पक्केही झाले. शालिवाहन शकात अठ्ठ्याहत्तर मिळवले की इसवी सन येते, मात्र जानेवारी ते मार्च या काळातील तिथीसाठी एकोणऐंशी मिळवावे लागतात. माघ शके १८४५ म्हणजे १९२४ चा आरंभ. एका भांड्यावरून दोन पाने एक झाली, लग्नाचा महिना मिळाला आणि एक मूल अकाली गेल्याची चुकीची नोंद वंशावळीतून निघाली.

तेव्हापासून घरातील प्रत्येक जुने भांडे उलटेपालटे करून पाहावे, असे मी सर्वांना सांगतो. हंडे, परात, पिंप, पूजेचे ताम्हण यांवर देणाऱ्याचे नाव, नाते आणि प्रसंग कोरलेला असतो. त्याचबरोबर लग्नपत्रिका, आहेराच्या वह्या आणि फोटोंच्या मागील बाजू तपासाव्यात. लग्नपत्रिकेत वधूचे माहेरचे नाव असते, आणि ‘कै.’ हे अक्षर कोणाच्या नावापुढे आहे यावरून त्या तारखेला कोण हयात नव्हते हे कळते.

श्राद्धविधीतील नावांची यादी हाही विश्वासार्ह पुरावा आहे. वडील, आजोबा, पणजोबा आणि त्याचप्रमाणे आईकडील पुरुष व स्त्रिया यांची नावे गोत्रासह उच्चारावी लागतात, म्हणून अनेक घरांत ती एका कागदावर लिहून देवघरात ठेवलेली असतात. अविधवा नवमीला जिचे श्राद्ध होते ती पतीच्या आधी गेली, एवढे तरी त्यावरून निश्चित होते.

आडनाव : गाव, हुद्दा आणि भावकी

बेलापूरकर, पनवेलकर अशा ‘कर’ प्रत्ययाच्या आडनावावरून मूळ गाव कळते असे म्हणतात, आणि ते बरेचसे खरे आहे, पण एक गोष्ट ध्यानात ठेवावी. माणूस गावात राहत असताना त्याला गावाचे नाव लागत नाही, गाव सोडून दुसरीकडे गेल्यावर लागते. म्हणून पनवेलकरांचा शोध पनवेलमध्ये सुरू करताना त्या घराण्याचे पनवेल सोडण्यापूर्वीचे आडनाव काय होते हा प्रश्न आधी विचारावा. कुलकर्णी, देशमुख, देशपांडे, पाटील ही आडनावे वतनाची आहेत. एका आडनावाची दोन घराणी एका रक्ताची असतीलच असे नाही, आणि एका रक्ताच्या दोन भावांची आडनावे वेगळी झाल्याचीही अनेक उदाहरणे आहेत.

नवी मुंबईच्या गावांत ही अडचण अधिक तीव्र आहे, कारण करावे, सारसोळे, शिरवणे, घणसोली, गोठिवली अशा गावांत पाटील, म्हात्रे, भोईर, ठाकूर, मढवी ही मोजकी आडनावे पुन्हा पुन्हा येतात. तेथे आडनावाऐवजी भावकी धरून चालावे. लग्नात कोणते देवक बसवतात, कुलदैवत कोणते, कार्ल्याच्या एकवीरेला पालखी घेऊन कोणाबरोबर जातात, सुतक कोणाकोणाला लागते, या प्रश्नांच्या उत्तरांनी एकाच आडनावाची घराणी वेगळी होतात. माझ्या मते सुतकाचा प्रश्न सर्वांत नेमका आहे. नाते कसे लागते हे विसरलेली माणसेही सुतक कोणाचे धरायचे हे विसरलेली नसतात.

ठाण्यात याहून वेगळ्या रीतीही शेजारी नांदतात. टेंभी नाक्याजवळील शार हाशमाईम हे ज्यूंचे प्रार्थनास्थळ (सिनेगॉग) १८७९ सालचे आहे. बेने इस्रायली, म्हणजे कोकणातील ज्यू, कुटुंबांची आडनावेही कोकणातील गावांवरून आलेली आहेत, आणि सॅम्युएलचे सामाजी, बेंजामिनचे बेनाजी अशी त्यांची जुनी मराठी रूपे कागदांत सापडतात. ख्रिस्ती कुटुंबांनी चर्चमधील बाप्तिस्म्याची नोंदवही पाहावी, कारण तिच्यात आईवडिलांबरोबर धर्ममातापित्यांचीही नावे असतात आणि ती बहुधा जवळच्या नातलगांची असतात. बौद्ध कुटुंबांत १४ ऑक्टोबर १९५६ च्या धर्मांतरानंतरच्या पिढीत गौतम, सिद्धार्थ, राहुल, सुजाता अशी नावे मोठ्या संख्येने येतात आणि कित्येक ठिकाणी आडनावही बदलते, म्हणून १९५६ च्या आधीची आणि नंतरची नावे जोडणारा एक तरी कागद आवर्जून मिळवावा. शाळेचे जनरल रजिस्टर त्यासाठी बहुधा उपयोगी पडते.

दत्तक गेलेल्या मुलाचे नावही स्त्रीच्या नावासारखेच पूर्ण बदलू शकते. बडोद्याचे सयाजीराव गायकवाड हे दत्तक जाण्यापूर्वी काशीरावांचे पुत्र गोपाळराव होते. अशा व्यक्तीचे पान एकच ठेवावे आणि तिला दोन्ही घरांच्या तक्त्यांत दाखवावे.

कागद कोठे पाहावेत आणि कसे वाचावेत

पहिला कागद सहसा घरातच असतो. जातीचा दाखला किंवा पडताळणीसाठी वंशावळीचे प्रतिज्ञापत्र करावे लागते आणि इतर मागासवर्गीयांना १३ ऑक्टोबर १९६७ पूर्वीचा पुरावा जोडावा लागतो, म्हणून घरातील कोणीतरी आजोबांच्या शाळेचा दाखला आधीच शोधून ठेवलेला असतो. तसेच १९७० साली सिडको हे महामंडळ स्थापन झाल्यानंतर ठाणे, पनवेल आणि उरण तालुक्यांतील पंचाण्णव गावांच्या जमिनी नवी मुंबईसाठी घेतल्या गेल्या, आणि पुढे घेतलेल्या जमिनीच्या बदल्यात मिळणाऱ्या साडेबारा टक्के योजनेच्या भूखंडांसाठी वारसांचे कागद गोळा करावे लागले. प्रकल्पग्रस्त कुटुंबांच्या त्या फायलीत कित्येकदा चार पिढ्या नीट मांडलेल्या मिळतात. मात्र ती मांडणी हक्काच्या गरजेपुरती केलेली असते. निःसंतान गेलेले काका आणि हक्क सोडलेल्या बहिणी तिच्यात नसू शकतात.

त्यानंतर तलाठ्याकडील व तहसील कार्यालयातील सातबारा, फेरफार, वारस नोंदवही आणि गाव नमुना चौदा, म्हणजे जन्ममृत्यूची कोतवाल नोंदवही, पाहावी. फेरफारात ‘अमुक मयत, वारस मुले तमुक’ अशी नोंद असल्यामुळे एकाच ओळीत दोन पिढ्या व मृत्यूचा काळ मिळतो. जुन्या नोंदींतील संक्षेप ठाऊक नसतील तर नाती उलटी वाचली जातात. ‘बिन’ आणि ‘वलद’ म्हणजे अमुकचा मुलगा, ‘कोम’, ‘जौजे’ किंवा ‘भ्र.’ म्हणजे अमुकची पत्नी. ‘अ.पा.क.’ म्हणजे अज्ञान पालनकर्ता, अर्थात अल्पवयीन वारसाचा पालक, तर ‘ए.कु.मॅ.’ म्हणजे एकत्र कुटुंबाचा मॅनेजर. अ.पा.क. पुढे आईचे किंवा मामाचे नाव असेल तर ते हाती लागलेले मोठे धन समजावे, कारण त्यावरून माहेरचा धागा सापडतो. आणि ए.कु.मॅ. म्हणून एकाच भावाचे नाव दिसले तर बाकीचे भाऊ नव्हते असे कदापि मानू नये.

जुने कागद मोडी लिपीत असतील तर मोडी जाणणाऱ्याकडून वाचून घ्यावेत. मोडीत ऱ्हस्व-दीर्घाचा भेद पाळला जात नाही, म्हणून लिप्यंतरातील नावाच्या वेलांटी-उकारावरून दोन माणसे वेगळी ठरवू नयेत. विठू, विठोबा, विठ्ठल आणि विठ्ठलराव हे एकाच माणसाचे चार कागद असू शकतात. वय वाढले आणि मान वाढला की नावही वाढत असे. शाळेच्या दाखल्यावरील १ जून ही जन्मतारीख बहुधा प्रवेशाच्या वेळी अंदाजाने लिहिलेली असते, तेव्हा तेथून फक्त साल घ्यावे आणि तेही पेन्सिलीने.

जिल्ह्यांच्या सीमांचे भान ठेवावे. पनवेल १८८३ पर्यंत ठाणे जिल्ह्यात होते, आणि पालघर १ ऑगस्ट २०१४ रोजी ठाण्यातून वेगळा झाला, म्हणून जुना कागद आजच्या जिल्ह्याच्या ठिकाणीच असेल असे नाही. घराणे घाटावरून किंवा तळकोकणातून आलेले असेल तर नाशिक व त्र्यंबकेश्वर येथील तीर्थोपाध्यायांच्या वह्या पाहाव्यात. तेथे मूळ गाव आणि आडनाव सांगावे लागते, आणि क्षेत्राला येऊन गेलेल्या पूर्वजाने भावांची व मुलांची नावे स्वतः सांगून लिहवलेली असतात.

तक्ता मांडताना

सर्व पाने भरल्यावरच तक्ता काढावा. कागदाने सिद्ध झालेले नाते शाईने, दोन स्वतंत्र माणसांनी सांगितलेले नाते निळ्या पेन्सिलीने आणि केवळ नाव ठेवण्याच्या रीतीवरून काढलेला कयास साध्या पेन्सिलीने दाखवावा. रीतीवरून शोध सुरू करता येतो, पण शाई येण्यासाठी कागद किंवा वस्तू हवी. प्रत्येक स्त्रीचे माहेरचे पूर्ण नाव आधी आणि सासरचे नंतर लिहावे. महाराष्ट्रात १ मे २०२४ रोजी किंवा त्यानंतर जन्मलेल्या मुलांच्या नावात शासकीय कागदांवर वडिलांच्या नावाआधी आईचेही नाव येते. म्हणजे पुढच्या शोधकांना निदान एका पिढीची आई शोधावी लागणार नाही. आधीच्या पिढ्यांसाठी मात्र हे काम आपल्यालाच करावे लागेल.

तक्त्याच्या प्रती भावकीतील प्रत्येक शाखेला द्याव्यात आणि प्रत्येक प्रतीसोबत कोऱ्या जागांची यादी जोडावी. आमच्या प्रतीत द्वारकेच्या आईच्या नावाची जागा अजून कोरी आहे. घंगाळ देणारा मामा त्या आईचा भाऊ होता, म्हणून आता त्या मामाचे गाव शोधायचे आहे आणि त्यासाठी पेणच्या घरातील आहेराच्या वह्या येत्या दिवाळीनंतर पाहायच्या ठरल्या आहेत.